मूल शाळेत, पण घर कुठे?

सातारा-सांगलीकडच्या आपल्या वस्त्यांत सहा वर्षांचे मूल शाळेत घातले नाही, असे घर आता शोधावे लागते. मागच्या दोन-तीन पिढ्यांनी पोटाला चिमटा घेऊन केलेली ही कमाई आहे. पण दाखला झाला, गणवेश आला, पाटी-दप्तर घेतले की आपले काम संपले, पुढचे गुरुजी जाणोत आणि पोर जाणो, अशी समजूत अजून घराघरांत आहे. शाळेत जाऊन विचारावे तर तिथे दुसरेच रडगाणे ऐकायला मिळते, "या वस्तीतले पालक सभेला येतच नाहीत हो. त्यांना मुलांच्या शिक्षणाचे काही पडलेलेच नाही."

पडलेले नाही, हे खोटे आहे. पण येत नाहीत, हे पुष्कळ अंशी खरे आहे. ते का, हे मात्र कुणी विचारत नाही.

पालकसभा असते कधी? शाळेच्या वेळेत, सकाळी अकराला नाहीतर दुपारी तीनला. त्या वेळी तासगाव-मिरजेकडची आई द्राक्षबागेत विरळणीला किंवा छाटणीला गेलेली असते. कराड-वाळव्याकडची उसाच्या भांगलणीला गेलेली असते. बाप सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहत असतो, नाहीतर माण-खटावच्या शेकडो घरांतल्याप्रमाणे मुंबईला, वाशीच्या बाजारात माथाडी असतो आणि गावी येतो तो यात्रेला आणि दिवाळीला. सभेला यायचे म्हणजे एक दिवसाचा रोज बुडवायचा. बरे, तो बुडवून आलेल्या बाईला तिथे काय मिळते? रजिस्टरवर अंगठा किंवा सही. साहेबांचे भाषण. आणि शेवटी चारचौघांत, "तुमचा मुलगा फार खोड्या करतो, घरी लक्ष देत जा." मान खाली घालून ती घरी येते आणि पुन्हा पायरी चढत नाही. याला बेपर्वाई म्हणायचे की अपमानाची भीती?

म्हणून आधी शाळांना सांगितले पाहिजे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता आणि त्याची प्रगती पालकांना नियमित भेटून सांगणे, हे त्यातले एक आहे. पालकांना बोलावणे ही गुरुजींची मेहेरबानी नव्हे, ती त्यांची नोकरी आहे. सभा संध्याकाळी दिवेलागणीला घ्या, नाहीतर आठवडी बाजाराच्या दिवशी, जेव्हा कामाला सुट्टी असते तेव्हा घ्या. वस्तीत येऊन, विहारात किंवा समाजमंदिरात घ्या. मग बघा किती बाया येतात ते!

आता आपल्या बाजूचे बोलू.

"आम्ही अडाणी माणसं, आम्हाला काय कळतंय अभ्यासातलं?" हे वाक्य आपल्या तोंडी बसून गेले आहे. घरात शिकवता येत नाही म्हणजे घराला काही करताच येत नाही, असे आपण धरून चालतो. मुलाच्या शिक्षणात घराचा वाटा म्हणजे शिकवणी नव्हे. वेळ, जागा आणि विचारपूस हा घराचा वाटा. तो निरक्षर आईलाही उचलता येतो आणि शिकलेल्या बापालाही चुकवता येतो.

साताऱ्याचेच उदाहरण घेऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदले गेले. रजिस्टरातला तो १९१४ हा क्रमांक आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिला असेल. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला आणि आपण तो उत्साहाने साजरा करतो. पण त्या मुलाच्या घराची त्या वेळची स्थिती काय होती, याचा विचार करतो का? आई भीमाबाई त्याआधीच वारलेल्या. वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर. घरी भावंडे आणि पायांनी अधू असलेली आत्या मीराबाई. मुलांना कित्येकदा स्वतःच चूल पेटवावी लागे. बाप परगावी आणि सांभाळणारी म्हातारी आत्या किंवा आजी, अशी घरे आज माण-खटावात हवी तेवढी सापडतील.

वर्गात बसायला घरून नेलेले गोणपाट, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी. असे असूनही ते शिक्षण तुटले नाही, यात रामजींचा हात मोठा होता. रामजी लष्करी शाळेत हेडमास्तर राहिलेले, म्हणून ते स्वतः शिकवू शकत, हे मान्य. पण त्यांनी केलेली दुसरी गोष्ट शिकवण्याची नव्हतीच. पुढे हे कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्या खोलीत स्वयंपाक, झोपणे, बसणे, सगळे तिथेच. दिवसा अभ्यासाला कोपरा नाही. तेव्हा रामजी मुलाला संध्याकाळी लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत आणि पहाटे दोनच्या सुमारास त्याला उठवून अभ्यासाला बसवीत. जागा नव्हती, म्हणून त्यांनी वेळेतून जागा काढली. हे करायला मॅट्रिक व्हावे लागत नाही.

आज आपल्या घरात एक खोली असते किंवा दोन असतात, वीज असते आणि टीव्ही असतो. मोबाईल तर घरटी एक सोडून दोन-दोन झाले आहेत. करोनाच्या काळात शाळा बंद पडल्या आणि अभ्यासासाठी म्हणून तो पोरांच्या हाती आला. शाळा उघडल्या तरी तो हातातून सुटेना. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथल्या लोकांनी यावर गावपातळीवर उपाय काढला. गावसभेत ठराव झाला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद. मुले वह्या-पुस्तके घेऊन बसायची आणि मोठ्यांनी आपापसात बोलायचे किंवा वाचायचे. साडेआठला दुसरा भोंगा, मग सगळे मोकळे. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लक्ष ठेवू लागले. आधी पुरुषमंडळी हसली. बायकांनी मात्र ते उचलून धरले, कारण संध्याकाळच्या मालिका आपल्यालाही सुटत नाहीत आणि पोरे तेच बघून शिकतात, हे त्यांना पक्के कळले होते. पुढे या गावाचे नाव देशाबाहेरच्या बातम्यांतही गेले.

याची गंमत अशी, की यात कुणी कुणाला शिकवले नाही. आईने भाकऱ्या थापल्या, बापाने बैलाला वैरण टाकली. फक्त दीड तास घराने मुलाच्या अभ्यासाची आडकाठी केली नाही. एकट्या घराला हे अवघड जाते. शेजारच्या घरातून मालिकेचे गाणे येत असेल तर आपल्या पोराला कसे धरून ठेवणार? म्हणून सगळ्या गल्लीने मिळून ठरवले तर ते टिकते. भोंगा नसला तरी चालेल. ज्या वस्तीत विहार आहे तिथे संध्याकाळी दीड तास दिवा लावून, सतरंजी अंथरून पोरांना बसवता येते. तिथे वर्गणीही लागत नाही. दहावी-बारावी झालेल्या दोन मुली आलटून पालटून बसल्या की झाले.

आता पुढचा प्रश्न. मूल बसले, पण वर्गात त्याच्याकडून काय अपेक्षा आहे, हे आईला माहीत आहे का? बहुतेक घरी हेच ठाऊक नसते. "शाळेत जातंय, पास होतंय," एवढ्यावर आपण निर्धास्त असतो आणि पाचवीत गेल्यावर कळते, की पोराला दोन ओळी धड वाचता येत नाहीत. सरकारने २०२१ साली निपुण भारत नावाची योजना आणली. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता, लिहिता आणि साधे गणित करता आले पाहिजे, हा तिचा हेतू. त्यात इयत्तेप्रमाणे मापे ठरवून दिली आहेत. पहिली संपताना मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचे वाक्य वाचावे आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात. दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत, संख्या ९९९ पर्यंत याव्यात. तिसरीत मिनिटाला निदान ६० शब्द आणि संख्या ९,९९९ पर्यंत, शिवाय साधे गुणाकार. ही मापे कागदावर लिहून चुलीजवळच्या भिंतीला लावावीत, असे मी म्हणेन.

ज्या आईला वाचता येत नाही तिने हे तपासावे कसे? सोपे आहे. पोराला धडा मोठ्याने वाचायला लावावा आणि आपण भाकरी करता करता ऐकावे. अडखळत, एकेक अक्षर जुळवत वाचतो की बोलल्यासारखे वाचतो, हे कानाला कळते. वाचून झाल्यावर विचारावे, "काय झालं रं त्या गोष्टीत?" सांगता आले नाही तर नुसती अक्षरे डोळ्यांखालून गेली असे समजावे. वही उघडून बघावी. कोरी पाने किती, तांबड्या शाईची सही शेवटची कधीची, हे बघायला बाराखडी येण्याची गरज नाही. गुरुजींनी महिना-महिना वही तपासलेली नसेल तर तेही दिसते, आणि तेही विचारावे! दुकानात पाठवले की उरलेल्या पैशांचा हिशेब पोराकडूनच घ्यावा. आपल्या आयाबाया हातावरच्या पेरांवर मजुरीचा आठवडा मोजतात, बचतगटाचा हप्ता तोंडी सांगतात. हे गणितच आहे. ते पोरांपुढे करावे आणि त्यांनाही करायला लावावे.

२०२२ साली राज्यात पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले. गावोगाव सात टेबले मांडून मुलांची उडी, रंग ओळखणे, गोष्ट सांगणे, वस्तू मोजणे हे आईसमोर पाहिले जाई आणि प्रत्येक मुलाचे विकास पत्र आईच्या हाती दिले जाई. वस्तीवस्तीत मातांचे गट केले गेले. घरातल्याच वस्तूंनी मुलाकडून काय करून घ्यायचे, ते या गटांना मोबाईलवर कळवले जाई. या कल्पनेतली मोलाची गोष्ट म्हणजे आईला अंगठ्यापुरती न बोलावता तिच्या हाती काम दिले. आपल्या गावात मातांचा गट आहे का, असल्यास त्यात आपल्या वस्तीतल्या किती जणी आहेत, याची चौकशी करावी. कागदावरच असलेले गट थोडे नाहीत.

कधी कधी घराला वर्ग कळत नाही, हेही खरे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने मुलांनी स्वतः हाताळून शिकण्याची रीत बसवली. फरशीवर आखणी, मुलांचे गट, खडे, काड्या आणि बियांनी गणित. पुढे २०१५ साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम निघाला, तेव्हा राज्यभरचे शिक्षक ते पाहायला जात होते. पण पाटीवर शंभरदा गिरवून शिकलेल्या पालकाला असा वर्ग पाहून वाटणार, "हा तर खेळ चाललाय, शिकवतात कधी?" अशा वेळी मनात कुढू नये आणि शाळाही बदलू नये. शाळेत जाऊन एक तास वर्गात बसावे. गुरुजींनीही बसू द्यावे. नाहीतर पालक चार घरची मोलकरीण होऊन इंग्रजी शाळेची फी भरतात. तिथे घर तर आणखी दूर पडते, कारण वहीतले एक अक्षर घरात कुणाला लागत नाही.

भाषेची गोष्ट निघाली तर फलटणची आठवण करावी लागेल. अमेरिकेतून आलेल्या आणि पुढे भारताच्या नागरिक झालेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीभाषेचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळवली. फलटणच्या मंगळवार पेठेत, म्हणजे दलित वस्तीत, शाळेपासून तुटलेली मुले त्यांनी पाहिली आणि त्यांना वाचायला शिकवायला घेतले. त्यातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा उभी राहिली. घरात "व्हतं", "न्हाई", "म्या गेलतो" म्हणणारे मूल पहिल्या दिवशी वर्गात तोंड उघडते आणि सगळे हसतात. त्या दिवशी ते मूल गप्प होते. गप्प बसलेल्या मुलाला मंद म्हणतात. शिक्षकाने घरच्या बोलीला हसू नये आणि आईनेही "आपली भाषा घाणेरडी" असे पोरापुढे म्हणू नये. घरची बोली घरात राहील आणि पुस्तकाची भाषा हळूहळू येईल. घरची भाषा लाजेची ठरली, तर आईच लाजेची ठरते, मग ती शाळेच्या फाटकातून आत कशी येणार?

म. जोतिराव फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. त्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. त्यात त्यांनी नांगराचा रुमणा किंवा सुताराचे तासणे हाती धरायला न लाजणारे शिक्षक मागितले. शिकवणाऱ्याला मुलाच्या घरचे जगणे कळले पाहिजे, हा त्यामागचा विचार. गेल्या शतकात साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी तोच विचार दुसऱ्या बाजूने चालवला. १९१९ साली काले येथे स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था पुढे साताऱ्यास आली. तिच्या मुष्टिफंडात बायका रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत आणि त्यावर बोर्डिंगातली पोरे जेवत. मूठभर धान्य देणारी बाई ते बोर्डिंग आपले म्हणे. मागणे ऐपतीचे असले आणि मान राखून मागितले, तर गरीब घर मागे राहत नाही, हे या जिल्ह्याने पाहिले आहे.

आता हक्काचे. शिक्षण हक्काच्या कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्या सभासदांत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा करणे आणि अनुदान कुठे खर्च होते ते पाहणे हे तिचे काम. पण गावात होते काय? सरपंचाच्या गोतावळ्यातली नावे ठरतात आणि आपल्या वस्तीतल्या एका बाईचे नाव भरतीला घालून घरी सहीला वही पाठवली जाते. ही सही घरी करू नका. समितीची निवड पालकांच्या सभेत व्हायला हवी, ती कधी आहे हे मुख्याध्यापकांना लेखी विचारा आणि त्या दिवशी एक रोज बुडाला तरी चालेल, पण चार-पाच जणी मिळून जा. एकटीला गप्प बसवतात, पाच जणींना बसवता येत नाही.

तिथे विचारायचे पुष्कळ आहे. वर्ग आणि संडास झाडायला रोज कोणाची पोरे लावली जातात? दुपारच्या जेवणाच्या पंगतीत कोण कुठे बसते? मागच्या रांगेत कायम कोण? गोणपाट गेले म्हणून सगळेच गेले, असे धरून चालू नये. पालक शाळेत येत-जात असले की असल्या गोष्टींना आपोआप आळा बसतो. आणखी एक. "हाडं आमची, कातडं तुमचं," असे सांगून पोर गुरुजींच्या हवाली करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती बंद करावी. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना कायद्याच्या सतराव्या कलमाने बंदी आहे, आणि ज्या मारालाच आईबापांची परवानगी आहे त्याची तक्रार मूल कोणापाशी करणार?

राहिली ती कोयत्यावर जाणारी घरे. जत, आटपाडी, माण या दुष्काळी भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या तळावर जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. पोरे वर्गातून उठतात ती पाच महिन्यांसाठी. शाळेत नाव असते, हजेरीत रेघ असते आणि मूल उसाच्या फडात वाढे गोळा करते. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय सरकारी योजनेत आहे. त्यात मूल आजी-आजोबांजवळ राहते आणि शाळा सुटत नाही. मागणी मात्र वेळेवर जावी लागते. पोराला बरोबर न्यावेच लागले तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावे. ते दाखवल्यावर तळाजवळच्या शाळेत मुलाला त्याच्या इयत्तेत बसवून घेता येते. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती पावसाळ्यात. कार्डाची आणि वसतिगृहाची चौकशी त्याच आठवड्यात करावी, कारण गाडी भरायच्या दिवशी मुख्याध्यापकांना शोधायला कुणालाच सवड नसते.